दहा दिवसांचा कॅमेरा

माझ्या अंधारखोलीच्या दारावर गेली एकोणीस वर्षं एक पाटी आहे. मीच लिहिलेली, लाल अक्षरांत: 'आत माटे नाही, थर्मॉस नाही, वाद नाही.' माटे म्हणजे तुंब्यातून नळीने प्यायचा आमचा कडू पाल्याचा चहा. मोंतेविदेओत अशी पाटी लावायला छाती लागते. इथला माणूस एक वेळ लग्नाला जाताना बायकोला घरी विसरेल, पण काखेतला थर्मॉस आणि हातातला तुंबा विसरायचा नाही. तरी मी ती लावली, आणि लोकांना पाळायला लावली. आमच्या संस्थेत संचालकांपेक्षा मला जास्त घाबरतात. साहजिकच आहे, संचालक दर चार वर्षांनी बदलतात.

मी नेलिदा एचेगोयेन. तिसऱ्या मजल्यावरचे सगळे मायक्रोस्कोप माझ्या ताब्यात. कुणी भिंगाला बोट लावलं तर मला शेजारच्या खोलीतून कळतं, असं पोरं म्हणतात. म्हणू देत, बरंच आहे. यंत्रांसाठी खोली गार ठेवावी लागते, म्हणून बारा महिने माझ्या अंगात आईने विणलेला करडा स्वेटर असतो. पोरं त्याला अस्वल म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

आता मी माटेच्या विरुद्ध आहे असं समजू नका. रोज सकाळी आठला व्हरांड्यात सगळ्या मजल्याला माटे मीच करून पाजते. तो माझा मान आहे, सकाळचा तुंबा दुसऱ्या कुणी भरलेला मला चालत नाही. तुंब्यात येर्बाचा पाला भरायचा, तोंडावर तळवा दाबून तुंबा उलटा करून चांगला हलवायचा, म्हणजे बारीक हिरवी भुकटी तळव्यावर येते. ती झटकायची, हात पुसायचा, मग नळी खोचून पाणी ओतायचं. भुकटी काढली नाही तर नळी चोंदते आणि तोंडात चिखल येतो. आमचे प्रोफेसर वॉशिंग्टन बेंतांकूर यांना हे अजून जमत नाही. त्यांचा माटे म्हणजे निव्वळ चिखल.

प्रोफेसर ते जगासाठी. आम्ही दोघं एकाच वर्षी इथे लागलो, त्यामुळे माझ्यासाठी तो नुसता वॉशिंग्टन. माणूस हुशार, पण उतावळा. कुठे काही चमकलं की त्याला स्वतःचं नाव दिसतं.

तर त्या मार्चमधली गोष्ट. वॉशिंग्टनच्या हाताखाली अनाही लेदेस्मा म्हणून एक मुलगी पीएच.डी. करत होती. रोचा प्रांताकडची, कमी बोलणारी, आणि भयंकर हट्टी. तिचे मासे डबक्यातले. उन्हाळ्यात डबकं आटतं, मासे मरतात, आणि अंडी चिखलात महिनोन्‌महिने झोपून राहतात, पाऊस येईपर्यंत. अशा झोपलेल्या अंड्यातल्या पिलाचं हृदय बंद असतं, असं आमच्याकडे सगळे धरून चालले होते. अनाही म्हणायची, बंद नाही. फार हळू चालतं, एवढंच. तिने अंड्यांत एक द्रव्य टोचलं होतं, हृदय आकसलं की ते इवलासा हिरवा उजेड देणार. भानगड अशी की तो उजेड आमच्या जुन्या कॅमेऱ्याला दिसत नव्हता, आणि दिवा वाढवावा तर अंडं मरत होतं. तीन वर्षं ती काळ्या पडद्याकडे बघत बसली होती. मीसुद्धा तिला दोनदा सांगून पाहिलं होतं, "अगं पोरी, दिसत नाही म्हणजे नसेल. सोड ना नाद."

"आहे," एवढंच म्हणायची.

तिचे वडील एउलालियो आटलेल्या डबक्यात फावडं घेऊन उतरायचे आणि चिखल डब्यांत भरून बसने पाठवायचे. डब्यावर जाड पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, 'हळू धरा, बाळं आहेत.' बसवाले खरंच हळू धरायचे म्हणे.

त्या मार्चमध्ये वॉशिंग्टनने शेवटचं सांगितलं. कॅमेरा विकणारी एक कंपनी आपला नवा कॅमेरा दहा दिवस वापरून बघायला देत होती. त्या दहा दिवसांत दिसलं तर ठीक. नाही तर माशांचं दप्तर बंद, आणि अनाहीने पहिल्यापासून सुरुवात करायची, गाईंवर. "गाईंमध्ये काय वाईट आहे?" तो म्हणाला. "अर्धा देश गाईंवर जगतो. आणि त्यांचं हृदय तरी ऐकू येतं!"

अनाही तशीच डब्यांतली अंडी मोजत राहिली. पण तिची तीन वर्षं आणि तिच्या बापाचं फावडं, सगळं त्या दहा दिवसांत अडकलं होतं, हे मला कळत होतं.

बुधवारी कॅमेरा आला. पुढच्या शुक्रवारी दुपारी परत जायचा. घेऊन आला पास्तोरीनो नावाचा विक्रेता, पिवळ्या पेटीतून, छातीशी धरून. "बाई, हा शून्याखाली नव्वद अंशांवर काम करतो," तो मला हलक्या आवाजात म्हणाला. "उजेडाचा एकेक कण मोजतो. याच्यासमोर साधी काडी ओढलीत तरी हा शिट्टी मारेल आणि स्वतःला बंद करून घेईल."

"माझ्या खोलीत काड्या ओढत नाहीत," मी म्हटलं. "पाटी वाचा."

त्याने पाटी वाचली आणि काखेतला थर्मॉस मुकाट्याने बाहेर ठेवून आला. मला माणूस आवडला.

दोन दिवस जोडणीत गेले. शुक्रवारी सकाळी अनाहीने पहिलं अंडं ठेवलं, मी खोलीतले दिवे घालवले, मायक्रोस्कोपच्या दिव्यावर निळी काच चढवली, आणि पडद्यावर अचानक दहा-बारा ठिपके लखलखले. अंड्याच्या भोवती, अंड्यावर, सगळीकडे. मी दचकलेच. तीन वर्षं काळा पडदा बघितल्यावर ते एकदम चांदणं अंगावर आल्यासारखं झालं. अनाही मात्र खूश नव्हती.

"हे हृदय नाही," ती म्हणाली. "हे लुकलुकत नाहीत. आणि यांच्या झगमगाटात माझं काहीच दिसणार नाही."

तेवढ्यात वॉशिंग्टन आत आला. कसा वास लागतो त्याला कोण जाणे. पडद्याकडे बघून त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "अरे देवा! हे काय आहे?"

"माहीत नाही," अनाही म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे नवीन आहे!"

"वॉशिंग्टन, घाई करू नकोस," मी म्हटलं.

"नेलिदा, तू भिंगं पूस. विज्ञान माझ्यावर सोड."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या ठिपक्यांना नाव मिळालं होतं, 'बेंतांकूर कण'. संध्याकाळपर्यंत संचालकांना बातमी गेली होती, आणि गुरुवारी सगळ्या संस्थेसमोर त्याचं व्याख्यान ठरलं होतं. आणि व्हरांड्यात मला म्हणतो कसा, "तिचं हृदय न का दिसेना. हे त्याहून मोठं आहे." अनाही तिथेच उभी होती. मला असा संताप आला की त्याच्या हातातला तुंबा काढून घ्यावासा वाटला. पण ते आपल्याला जमत नाही, तुंबा काढून घेणं म्हणजे फारच झालं.

सोमवारी मी शांतपणे एक कोरी काचेची वाटी घेतली. त्यात अंडं नाही, काही नाही, नुसतं पाणी. ठेवली कॅमेऱ्याखाली. बेंतांकूर कण हजर! संख्येने जरा जास्तच. मग मी कॅमेऱ्यासमोर फक्त लाल उजेड जाऊ देणारी काच लावली. तो कॅमेरा रंग ओळखत नाही, त्याला सगळं काळं-पांढरंच दिसतं, म्हणून काच लावूनच शोधावं लागतं. कण जसेच्या तसे चमकत राहिले. म्हणजे लाल चमकत होते. निळ्या उजेडात लाल चमकतो तो हिरवा पाला, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते. आणि आमच्या इमारतीत हिरवा पाला एकच.

मी दार उघडून व्हरांड्यात गेले. वॉशिंग्टन खिडकीशी तुंबा चोखत उभा होता, आणि त्याच्या शर्टावर पुढे भुकटीचा हिरवा पट्टा होता.

"तुझे कण सापडले," मी म्हटलं. "तुझ्या पोटावर आहेत."

त्याला समजायला मिनिटभर लागलं. मग त्याचा चेहरा उतरला. "येर्बा?"

"येर्बा! तू पाला अंगावर सांडतोस, माझ्या खोलीत येऊन झाडतोस, आणि वर त्याला स्वतःचं नाव देतोस! जा, सांग संचालकांना, बेंतांकूर कण पाकिटातून विकत मिळतात."

मी एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझी जीभ एकदा सुटली की सुटली. एकोणीस वर्षांत त्याने काय काय सांडलं त्याचा पाढा मी सगळ्या मजल्यासमोर वाचला. बिचारा खाली मान घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "लाल अडवणारी काच लावली तर?"

"तर अनाहीचा उजेडही निम्मा जाईल. आधीच मूठभर, त्यातला निम्मा कशाला घालवायचा?"

वॉशिंग्टनने तुंबा खिडकीत ठेवला. "कॅमेरा असेपर्यंत मी माटेला शिवणार नाही," तो म्हणाला. सगळ्यांनी श्वास रोखला. आमच्याकडे माणूस अशी शपथ इस्पितळात घेतो, तीही डॉक्टरने धमकी दिल्यावर.

आणि त्याने पाळली हो! व्याख्यान रद्द केलं, संचालकांची माफी मागितली, आणि मंगळवारी आला तो रिकाम्या हातांनी. हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. खिशात घालायचा, काढायचा, पेन चोखायचा. दुपारी पाण्याच्या यंत्राजवळ भिंतीला डोकं टेकून उभा होता. मी जवळून जाताना मनात म्हटलं, बरी खोड मोडली.

सोमवार-मंगळवार मी आणि अनाहीने खोली धुऊन काढली. भिंती, टेबलं, नळ्या, भिंगं, पडद्यांच्या घड्या, सगळं. गारठ्यात हात सुन्न झाले. स्वेटर होता म्हणून निभावलं. वॉशिंग्टनला कपडे धुवायचा हुकूम आणि दाराच्या आत पाऊल टाकायला बंदी. बुधवारी सकाळी नवी वाटी, नवं पाणी, नवं अंडं. दिवे घालवले.

ठिपके तसेच होते.

अनाही उठून जिन्यात जाऊन बसली. मी मागोमाग गेले. ती रडत नव्हती, नुसती फोनकडे बघत होती. "बाबांनी आज आणखी दोन डबे पाठवलेत," ती म्हणाली. "ते दर वेळी एकच विचारतात. जिवंत आहेत का गं? आणि मी तीन वर्षं सांगतेय, बहुतेक. नेलिदा, मला एकदा तरी त्यांना 'हो' म्हणायचंय. मग गाईही चालतील."

मला मूल नाही, पण त्या क्षणी ही पोर माझी होती, आणि तिचं वाटोळं करणारा जो कोणी होता त्याला मी सोडणार नव्हते.

"ऊठ," मी म्हटलं. "मजल्यावरच्या सगळ्यांना व्हरांड्यात उभं कर. कुणीतरी पाला आत आणतंय. आज मी त्याला पकडते."

मी चिकटपट्टीचं रीळ घेतलं. प्रत्येकाच्या कपड्यांवर एक तुकडा दाबायचा, उचलायचा, काचपट्टीवर चिकटवायचा, वर नाव लिहायचं. अकरा माणसं रांगेत उभी होती. मी एकेकाकडे अशी बघत गेले की ग्रंथपालबाईंनी न विचारताच कबूल केलं की त्यांनी एकदा वाचनालयात बिस्किट खाल्लं होतं. पास्तोरीनो कॅमेऱ्याची चौकशी करायला आला होता, त्यालाही मी सोडलं नाही.

"तुझी पण पट्टी घे," वॉशिंग्टन रांगेच्या टोकावरून म्हणाला.

"माझी कशाला?"

"विज्ञान आहे म्हणून."

सगळे हसले. मी नाक मुरडलं आणि स्वतःच्या बाहीवर चिकटपट्टी दाबली. माझं काय जात होतं?

मग सगळेच अंधारखोलीच्या दाराशी गोळा झाले. दारातला जाड काळा पडदा ओढून घेतला होता, तरी मी त्यातून डोकी घालू दिली. निकाल चारचौघांत लागावा अशी माझी इच्छा. पहिली पट्टी ग्रंथपालबाईंची होती, तीन ठिपके. पास्तोरीनोचे पाच. झाडूवाल्याचे दोन. वॉशिंग्टनची पट्टी मी मुद्दाम सावकाश ठेवली. तीन दिवसांचं त्याचं व्रत! एकही ठिपका नव्हता. पडदा स्वच्छ काळा.

"कपडे धुतलेस वाटतं," मी म्हटलं.

"तूच सांगितलंस ना."

शेवटी माझी पट्टी. मी ती सरकवली. पडदा क्षणभर नुसता पांढराफटक झाला, कॅमेऱ्याने कानठळ्या बसवणारी शिट्टी मारली, आणि तो स्वतःला बंद करून बसला.

मग पास्तोरीनो हळूच म्हणाला, "अकरा वर्षं हे कॅमेरे विकतोय. अशी शिट्टी पहिल्यांदाच ऐकली."

मी माझ्या बाहीकडे बघितलं. आणि मला माझाच हात दिसला, सकाळी आठ वाजताचा. तुंबा उलटा करून हलवणारा, भुकटी झटकणारा, आणि मग पुसला जाणारा. कुठे? स्वेटरला! रोज, उजव्या बाहीवर, एकोणीस वर्षं. मग तोच स्वेटर घालून मी तरातरा अंधारखोलीत जायची आणि पोरांना ओरडायची, "तुमच्या काचा घाणेरड्या!" किती जणांच्या काचा मी परत धुवायला लावल्या असतील. आईने घातलेल्या त्या टाक्यांत अर्धा किलो येर्बा बसला होता, आणि जुन्या कॅमेऱ्याला दिसत नव्हता म्हणून मी राणीसारखी हिंडत होते. लाज वाटली. तोंड लपवायला जागा असती तर गेले असते, पण अंधारखोली तर तीच होती.

"नेलिदा," वॉशिंग्टन म्हणाला.

"बोल. सगळं बोल. तुझा हक्कच आहे बोलण्याचा."

"परत एकदा लाव ना. माझं लक्ष नव्हतं, शिंक आली होती."

आणि मी लावली. तीन वेळा लावायला लावली त्याने. तिन्ही वेळा शिट्टी. तिसऱ्या वेळी अनाही हसायला लागली, इतकी की तिला भिंत धरावी लागली. तीन वर्षांत मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. मग मलाही हसू आलं, आणि डोळ्यांतून पाणीसुद्धा, ते कशाचं ते विचारू नका. सगळ्यांसमोर मी वॉशिंग्टनला म्हटलं, "चुकले. सोमवारचं सगळं परत घेते." जन्मात पहिल्यांदा म्हटलं असेल. तो एवढा गोंधळला की "आभारी आहे" म्हणाला.

स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तळमजल्यावर गेला. गुरुवारी मी डोक्याला टोपी, अंगात कागदी झगा घालून कुडकुडत अख्खी खोली पुन्हा धुतली. एकटीने. अनाही मदतीला आली तिला हाकललं. वॉशिंग्टन दाराबाहेर खुर्ची टाकून बसला आणि आत कुणाला येऊ देईना, "मीसुद्धा नाही" असं स्वतःलाच सांगत. त्या दिवशी मजल्यावर कुणाला माटे मिळाला नाही. कुणी कुरकुरलं नाही, सगळी नुसती मांजरासारखी उदास फिरत होती.

शुक्रवारी सकाळी नऊला अनाहीने बापाच्या ताज्या डब्यातलं अंडं ठेवलं. दिवे गेले. पडदा काळा होता. खरा काळा, एकही ठिपका नाही. मी इतकी खूश झाले आणि लगेच इतकी घाबरले. कारण आता सबब उरली नव्हती. आता दिसलं नाही तर नव्हतंच.

दहा वाजले. साडेदहा. काही नाही. अंड्यात हृदय नेमकं कुठे ते ठाऊक नव्हतं, अनाही केसाकेसाने भिंग सरकवत शोधत होती. अकरा वाजता पास्तोरीनो पिवळी पेटी घेऊन दारातल्या पडद्याआडून आत आला. "बाई, माफ करा, मला बाराची..."

"श्श!" अनाही म्हणाली.

पडद्याच्या मधोमध काहीतरी झालं. राखेत ठिणगी दिसावी तसं. गेलं.

"दिसलं?" ती पुटपुटली.

"मला वाटलं," मी म्हटलं. "वाटलं म्हणजे चालत नाही. मोज."

ती मोजायला लागली. मीही मोजत होते, ओठ न हलवता. चाळीस. पन्नास. साठ. पास्तोरीनोने पेटी खाली ठेवली. सत्तर. एक्क्याऐंशीला पुन्हा तीच ठिणगी, त्याच जागी. आणि मग काळोख.

पुन्हा ऐंशी. पुन्हा एक्क्याऐंशी. अगदी तिथेच.

पास्तोरीनो खुर्चीवर बसला. अकरा वर्षं कॅमेरे विकणारा माणूस पडद्याला नाक लावून म्हणाला, "अजून एकदा येऊ दे. माझी बारा वाजताची भेट गेली खड्ड्यात."

दाराबाहेरून वॉशिंग्टनचा आवाज आला, "दिसलं का? नेलिदा? कुणीतरी सांगा ना!" पण आम्ही तिघंही मोजत होतो, कोण उत्तर देणार.

आठव्यांदा दिसल्यावर अनाहीने अंधारातच फोन उचलला आणि लगेच माझ्याकडे वळली. "फोनचा उजेड! कॅमेरा..."

"बाहेर जा," मी म्हटलं. "मी बघते इथे. जा."

ती काळा पडदा सारून व्हरांड्यात गेली. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. "बाबा?" ती म्हणाली. पलीकडून त्यांनी काय विचारलं असेल ते मला ठाऊक होतं. मी मोजत राहिले. एक्क्याऐंशीला ठिणगी आली, आणि त्याच सुमाराला तिचा आवाज आला, "हो."